ज्याचं ताट त्यानं घासायचं

"दंड आणखी वाढवू का, बाबा?"

पायऱ्या चढता चढताच हणमंत टेकाळेनं विचारलं. नगरपालिकेचा मुख्याधिकारी तो, 'बस' म्हणायची वाट कशाला बघेल? नदीकाठच्या मठात भैरवगिरी बाबा भाकऱ्या थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हणमंतानं सगळं सांगून टाकलं. नदीत धुणीभांडी करायला बंदी केली, घाटावर फलक लावला, दंड बसवला. धुणाऱ्याचं नाव कळवणाऱ्याला बक्षीसही जाहीर केलं, पण ते घ्यायला कुणी फिरकलं नाही. उद्यापासून धुण्याची बोचकीच जप्त करायची, असा आदेश त्यानं तयार ठेवला होता. या लोकांना काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

"एवढी घाई कसली?" बाबांनी विचारलं.

हणमंत खाली टेकला.

"आई अंथरुणाला खिळलीय, बाबा. हे गाव तिचं माहेर. रोज म्हणते, माझ्या नदीचं पाणी आण. मी बाटलीतलं पाणी तांब्यात ओतून देतो. एक घोट घेते आणि तोंड फिरवते. बोलत काही नाही."

साहेब झाला म्हणून काय, आईचा जीव असा तुटताना कुणाला बघवतो?

बाबांनी त्याला आधी जेवायला बसवलं. पितळी ताटात पिठलं-भाकरी वाढली. स्वतः भाकरी हातावर घेतली, तिच्यावरच पिठलं घेतलं आणि जेवले. मठाची रीत एकच, ज्याचं ताट त्यानं घासायचं. मग तो कलेक्टर असो नाहीतर भिकारी.

हणमंत ताट घेऊन उठला. मोरी शोधली, नळ शोधला. मठात यातलं काहीच नव्हतं. बाबा नुसते बघत होते. कट्ट्यावरची साबणाची वडी उचलून गडी सरळ घाटावर गेला, आपल्याच फलकाखाली उकिडवा बसला आणि ताट घासू लागला. तेल आणि फेस पाण्यावर पसरत गेला.

मागं कुणीतरी उभं होतं. डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई पायरीवर थांबली होती.

"साहेब, तुमचं झालं की सांगा," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. ती आपली पाळी यायची वाट बघत होती, एवढंच.

हणमंत ओलं ताट छातीशी धरून परत आला.

"बाबा, दुसरी जागाच नव्हती..."

बोलला आणि थबकला. हेच वाक्य त्यानं दंड भरायला आलेल्या बायकांच्या तोंडून कचेरीत ऐकलं होतं. सबबी सांगू नका, म्हणून एकेकीला वाटेला लावलं होतं.

खाली घाटावर धुणं आपटल्याचा आवाज येऊ लागला.

"ती आहे तोवर मला एकदा तिला तिच्या नदीचं पाणी पाजायचंय, बाबा. काय करू?"

बाबांनी त्याच्या हातातलं ताट घेतलं, अंगावरच्या भगव्या छाटीच्या टोकानं पुसलं.

"नदी त्या बायांच्या दारात आहे, हणमंता. तुझ्या सरकारचा नळ कुठं आहे?"