ओढ्याकाठचा शेरा

आंबेखोलीच्या पंचवीस घरांना बाहेर पडायचं तर एक ओढा ओलांडावा लागे. त्यावर साकव मिळावा म्हणून सरपंच द्वारकाबाई ढेबे यांनी जिल्हा परिषदेकडे तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा उपअभियंता पाटणकर उन्हाळ्यात आले आणि कोरडा ओढा पाहून ‘गरज दिसून येत नाही’ असा शेरा मारून गेले.

चौथ्या वेळी बाईंनी त्यांना हट्टानं श्रावणात बोलावलं. जीप ओढ्याशी थांबली. पाणी कमरेच्या वर होतं.

“चला साहेब पलीकडे. वाडी बघितल्याशिवाय पाहणी कशी पुरी होणार?” बाई म्हणाल्या.

“या पाण्यातून? आज पाहणी शक्य नाही, असं लिहून देतो. उन्हाळ्यात बघू.”

“लिहा की. पण कारणही लिहा. ओढ्याला पाणी असल्यानं वाडीत पोचता आलं नाही, आणि खाली सही करा. आम्ही तिन्ही अर्जांत हेच तर लिहिलं होतं.”

पाटणकरांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. मग त्यांनी तसंच लिहून सही केली. त्या शेऱ्यावर साकव मंजूर झाला.

उद्घाटनाला जो तो बाईंच्या हुशारीचं कौतुक करत होता. त्यांनी नारळ मात्र दुसऱ्याच्या हातात दिला.

“साहेबांना बोलावलं त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझी जाऊ बाळंतपणात अडली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पाणी उतरायची वाट बघत इथंच गेली. दोन वर्षं आधी सुचायला हवं होतं मला.”