काचमळ्यातली चौकट

एकदा एक शिष्य घरासाठी दोन जागा पाहून आला आणि त्यांतली कोणती घ्यावी हे त्याला काही केल्या ठरवता येईना. तर्कशास्त्र शिकलेला माणूस तो. त्याने रीतसर कागदाच्या मधोमध रेघ मारली, डावीकडे एका जागेचे गुण लिहिले, उजवीकडे दुसरीचे, आणि दोन्ही बाजू सारख्याच भरल्यावर डोक्याला हात लावून बसला. घर घेताना आपण सगळेच असे शहाणे होतो आणि त्याच शहाणपणाने दमून जातो. शेवटी ज्या वृद्ध गुरुजींकडे तो तर्क शिकला होता, त्यांच्यापुढे त्याने तो कागद नेऊन ठेवला.

त्याची खरी अडचण कागदावर नव्हतीच. त्याची मुलगी अकरा महिन्यांची होती, भिंतीला धरून नुकती उभी राहू लागली होती. पत्नीने एकच अट घातली होती. पोरीला डोळे झाकून जमिनीवर सोडता येईल, अशाच ठिकाणी आपण राहायचं. बाकी खोल्या लहान असोत की मोठ्या, त्याविषयी तिचं काही म्हणणं नव्हतं.

पहिली जागा शहराच्या कडेला नव्याने उभ्या राहिलेल्या संकुलात होती. दुसरी त्याच रस्त्याने थोडं पुढे, काचमळ्यात. काचमळ्याचं नाव काढलं की जुनी माणसं अजूनही नाक मुरडत. तिथे पूर्वी कंदिलाच्या काचा बनवणारा कारखाना होता आणि फुटका माल वर्षानुवर्षं मागच्या मोकळ्या जागेत टाकला जाई. कारखाना बंद पडला, मालक निघून गेले, काचा मात्र मातीत राहिल्या. रिक्षावाले वेशीवरूनच परत फिरत आणि त्या वस्तीत मुलगी द्यायला लोक कचरत. मग तिथल्याच कामगारांनी चाळण्या घेतल्या आणि बारा वर्षं ती माती चाळली. पुढे झाडं लागली, रस्ते झाले, शाळा झाली, तिमजली टुमदार इमारती उठल्या. इमारती बांधणाऱ्याने वस्तीला एक झुळझुळीत नवं नाव सुचवलं होतं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि कमानीवर ठसठशीत अक्षरांत ‘काचमळा’ असंच रंगवलं.

गुरुजींनी कागद न वाचताच घडी घालून परत दिला आणि म्हणाले, चल, पाहून येऊ.

संकुलाच्या दाराशी पोचताच त्यांनी पायांतल्या वहाणा काढून हातात घेतल्या. शिष्य चपापला. गुरुजी अनवाणी चालत सगळी फरसबंदी, बाग, मुलांचे झोपाळे फिरून आले. पायाला खडासुद्धा लागला नाही. पहारेकऱ्याने मात्र त्यांना अडवलं आणि वहाणा घालण्याची नम्र विनंती केली. इथे कोणाच्या पायात काही रुतलं तर काय करता, असं गुरुजींनी त्याला विचारलं. कार्यालयात वही आहे, तीत तक्रार लिहायची, सफाईवाली कंपनी दोन दिवसांत माणूस पाठवते, असं त्याने सांगितलं. गुरुजींनी मान डोलावली आणि ते बाहेर पडले. शिष्याला वाटलं, झालं, निकाल लागला.

काचमळ्याच्या मैदानातही गुरुजी तसेच अनवाणी उतरले. पिंपरणीच्या सावलीत काही बायका भाजी निवडत बसल्या होत्या. मैदान अर्धं ओलांडलं असेल, तोच गुरुजी थबकले. त्यांच्या टाचेतून रक्त आलं होतं. शिष्याने वाकून पाहिलं तर हिरवट काचेची कपची. या मातीत आपण मुलीला सोडणार होतो, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याने मनातल्या मनात काचमळ्यावर काट मारली.

भाजी निवडणारी हौसाबाई नावाची म्हातारी मांडीवरची परात बाजूला सारून धावत आली. शिष्याला वाटलं, पाय बघायला आली. पण तिने पायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

“पायाचं मागनं बघू,” ती म्हणाली. “आधी कुठं लागलं ती जागा दावा. हलू नका.”

तिने काडीने त्या जागेभोवती गोल रेघ ओढली आणि हाक मारली. घराघरांतून माणसं बाहेर आली. काचमळ्यात मैदानाच्या चौकटी पाडलेल्या आहेत आणि प्रत्येक घराकडे एक चौकट आहे. पावसाने माती बसली की खालची काच वर येते, म्हणून दर रविवारी ज्याने त्याने आपापली चौकट चाळायची, ही तिथली रीत. लोकांनी रेघेकडे पाहिलं. मग गर्दीतून दस्तगीर मिस्त्री पुढे आला. साठीचा, पांढऱ्या दाढीचा गवंडी.

“चौकट माझी हाय, गुरुजी,” तो म्हणाला. “गेल्या रविवारी गुडघा धरला हुता, म्हणून वरवर चाळली. चूक माझी.”

ही कबुली त्याने मान खाली घालून दिली नाही. ताठ उभं राहून दिली. एवढं बोलून तो चाळण घेऊन खाली बसला, आणि दुखऱ्या गुडघ्यावर बसलाय हे पाहून आणखी दोघे त्याच्या शेजारी बसले. मग कुठे हौसाबाईने हळद आणली, गुरुजींच्या टाचेत दाबली आणि वर त्यांनाच दटावलं, या वयात कशाला अनवाणी हिंडता म्हणून.

परतीच्या वाटेवर गुरुजी लंगडत होते आणि त्यांचा चेहरा खुलला होता. “हे घर घे,” ते म्हणाले.

शिष्याला राग आला. गुरूंवर रागावू नये हे त्याला ठाऊक होतं, तरी आला. जिथे पाय शाबूत राहिला ती जागा सोडायची आणि जिथे रक्त आलं ती घ्यायची, हा कुठला तर्क, असं त्याने स्पष्टच विचारलं.

गुरुजी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर टेकले. “अरे, निर्दोष भूमी या पृथ्वीवर नाही. आज ना उद्या काही ना काही वर येणारच. तेव्हा तुझ्या मुलीजवळ कोण उभं असेल, एवढंच मी पाहत होतो. तिथे चूक झाली तर ती कोणाचीच नसेल, कारण ती जमीनच कोणाची नाही. इथे एक माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, चूक माझी. असं म्हणण्यात ज्यांना अभिमान वाटतो, त्यांच्या शेजारी राहावं.”

शिष्याने पत्नीला हे सांगितलं तेव्हा तिने त्याला वेड्यात काढलं. पण पुढच्या रविवारी ती स्वतः जाऊन काचमळ्यात बसली. सकाळभर चाळण्या हलताना पाहिल्या, हौसाबाईला नाना प्रश्न विचारले, आणि घरी येऊन नवऱ्याला एकच विचारलं, आपली चौकट कुठली असेल?

दीड वर्ष लोटलं. एका रविवारी घर पाहायला एक कुटुंब आलं. बाईंच्या कडेवर मूल होतं. मैदानात चाळत बसलेल्या शिष्याजवळ येऊन त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “खरं सांगा हं. इथे अजून काचा निघतात?”

नाही म्हणणं सोपं होतं. तसं म्हटलं असतं तर वस्तीची शोभा राहिली असती.

“निघतात,” तो म्हणाला. “या पावसानंतर माझ्याच चौकटीत दोन निघाल्या. एक मी काढली. दुसरी माझ्या नजरेतून सुटली, ती शेजारच्यांना सापडली. चूक माझी होती.”

बोलता बोलता आपला ऊर अभिमानाने भरून आला आहे, हे त्याच्या ध्यानात आलं. तसा तो परीक्षेत पहिला आल्यावरही भरून आला नव्हता. बाईंनी वाकून कडेवरचं मूल मातीत सोडलं.

घर पाहायला जाल तेव्हा भिंती जरूर ठोकून पाहा, पण तिथल्या उणिवा कोण आपल्या म्हणून सांगतं, तेही विचारून या.