गाडीला खुपलेली पाटी

माजी सभापती धैर्यशीलराव पुन्हा गॅरेजात येऊन चार लोकांसमोर गरजले, “रेहाना, तू पुढं लोखंडी गार्ड बसवल्यापासून माझी पिकअप उभ्या जागी टीं टीं करतेय. गॅरेजला कुलूपच लावतो तुझ्या.”

रेहानाचं डोकं उठलं. पार्किंग सेन्सरसमोरची जागा मोकळी ठेवूनच तिनं गार्ड बसवला होता. पद गेलं तरी साहेबांनी नेमकी तिथंच ‘सभापती’ अशी हातभर पितळी पाटी बांधली होती. तिनं पाटी सोडवली. गाडी गप्प झाली.

“इतकी वर्षं पाटी मिरवतोय, गावात कुणी ब्र काढला नाही,” साहेब खेकसले. “या गाडीलाच कशी खुपते?”

“गावाला सवय झालीय, साहेब,” रेहाना म्हणाली. “गाडी अजून नवीन आहे.”