टिटवीच्या पंखाखालचा बिबट्या

मुलांनो, एक रान होते आणि त्या रानाच्या पोटात आणखी एक रान होते.

पहिले रान तुमच्या-आमच्या ओळखीचे. त्यात नदी होती, नदीकाठी अर्जुनाची झाडे होती, गवत होते आणि गवत खाणारे प्राणी होते. दुसरे रान झोपेतले. उन्हाळ्याच्या दुपारी ऊन तापले की हे सगळे प्राणी अर्जुनाच्या सावलीत एकत्र आडवे होत, आणि डोळे मिटले की सगळे मिळून त्या दुसऱ्या रानात जात. आपल्याला ज्याचे त्याला वेगळे स्वप्न पडते. त्यांना सगळ्यांना मिळून एकच पडे. तिथे ससा गव्याला भेटे, हरिणी सशाला भेटे आणि जागे झाल्यावर कोण कुठे भेटले होते ते सगळ्यांना आठवे.

या झोपेतल्या रानाची रचना कोणी केली होती म्हणाल, तर कोणीच नाही, आणि म्हणाल तर सगळ्यांनी. जाग्या रानात नदीशेजारी टेकडी असते, कारण ती तिथे आहे म्हणून. झोपेतल्या रानात तसे नव्हते. तिथे जिच्यावरून जी गोष्ट आठवे, ती तिच्या शेजारी येऊन बसे. मधाच्या पोळ्याला लागूनच अस्वलाचे सुजलेले नाक असे. पळसाच्या लाल फुलापलीकडे लगेच वणवा असे. एखाद्याने दोन गोष्टी एकदम मनात आणल्या की त्या दोहोंमध्ये बारीकशी पायवाट उमटे. रोज आणल्या की ती मळे, आणि सगळ्यांनीच आणल्या की चांगली रुंद वाट होई. ससा कुठूनही निघाला तरी बिळाशीच पोचे. म्हातारा गवा कुठूनही निघाला तरी गवताशी पोचे. ज्याची त्याची आवड.

झोप झाली की पाणवठ्यावर बैठक भरे. कोणी काय पाहिले ते सांगे, आणि मग गवा मान हलवून त्या दिवशी काय करायचे ते ठरवी. या रीतीला हसू नका. एका वर्षी पाणवठा पार आटला होता. तेव्हा झोपेतल्या रानात पाण्याच्या शेजारी पिवळी फुलपाखरे दिसली. कोणा एकाने कधीतरी ओल्या मातीवर ती बसलेली पाहिली होती आणि तो विसरूनही गेला होता. जागे झाल्यावर सगळे फुलपाखरांच्या मागे गेले आणि त्यांना कपारीतला झरा सापडला. तेव्हापासून त्यांचा पक्का समज झाला, की तिथे ज्या दोन गोष्टी शेजारी दिसतात, त्या इथेही एकमेकींच्या सख्ख्या असतात. एकदा खरे निघाले की आपण ते नेहमीच खरे धरतो. तुम्हीही धरता, मीही धरतो.

नदीच्या काठी, उघड्या खडीवर एक टिटवी राहत असे. टिटवी काही झाडावर घरटे बांधत नाही. चार खडे इकडे, चार खडे तिकडे सारले की झाले तिचे घर. तिथेच तिने चार अंडी घातली होती. उन्हाने खडी भाजून निघे, म्हणून ती पुन्हा पुन्हा नदीवर जाई, पोट भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. हे काम सोडून दुपारी झोपायला तिला फुरसत कुठली? त्यामुळे सगळे झोपेतल्या रानात जात, तेव्हा टिटवी एकटी जागी असे.

बिबट्याला हे झोपेचे प्रकरण ठाऊक झाले होते. तो दुपारीच येऊ लागला. टिटवी मोकळ्यावर बसणारी, तिला तो लांबून दिसे, आणि दिसला की ती जीव तोडून ओरडत उठे. प्राणी दचकून जागे होत, पळत सुटत आणि वाचत. असे पाच-सहा वेळा झाले. कोणाचा केससुद्धा वाकडा झाला नाही.

पण प्रत्येक वेळी जाग येता येता काय व्हायचे, ते ऐका. झोपेतल्या रानात आधी टिटवीचे ओरडणे घुसे आणि त्याच्या मागोमाग बिबट्या येई. दोघांच्या मधली पायवाट पहिल्या दिवशी उमटली. चौथ्या दिवशी ती रुंद झाली. पुढे पुढे तर बिबट्याला चालत यावेच लागेना. टिटवी तिथे उतरे, पंख उचले आणि पंखाखालून बिबट्या बाहेर पडे.

ससा हे बैठकीत सांगताना थरथरत होता. पण त्याने सांगितलेले सगळ्यांनीच पाहिले होते, त्यामुळे कोणी त्याला भित्रा म्हणाले नाही. हरिणीने आपले पाडस पोटाशी ओढून घेतले. ते तिचे पहिलेच पाडस होते. त्याच्या अंगावरचे ठिपके अजून पांढरेशुभ्र होते आणि टिटवीच्या ओरडण्याने दचकून ते पळताना दोनदा पडले होते. त्याला काही होऊ नये, एवढेच हरिणीला हवे होते. त्यापायी तिने कोणाचेही काहीही ऐकले असते.

टिटवीला बोलावणे गेले. ती अंड्यांवरून उठून घाईघाईने आली आणि म्हणाली की, बिबट्या दिसतो म्हणून मी ओरडते, मी ओरडते म्हणून तो येत नाही. गव्याने रवंथ थांबवला. तो दुष्ट नव्हता. त्याला न्याय करायचा होता, म्हणून त्याने नीट विचार करून एकच प्रश्न विचारला.

"टिटवे, तू ओरडलीस आणि बिबट्या आला नाही, असं एकदा तरी झालं आहे का?"

टिटवीने आठवून पाहिले. तिने खोटे बोलायला हवे होते का? मला अजून ठरवता आलेले नाही.

"नाही आजोबा," ती म्हणाली. "मी उगीच ओरडत नाही."

एवढ्यावर निकाल लागला. तिचा खरेपणाच तिच्या मुळावर आला. तिने नदीपलीकडे जावे, असे ठरले. टिटवीने चार दिवसांची मुदत मागितली, कारण अंडी उचलून नेता येत नाहीत आणि पिले बाहेर पडायला तेवढेच दिवस उरले होते. पण चार दिवस म्हणजे चार दुपारी, आणि तेवढा धीर कोणाला नव्हता. तिला हुसकायला सगळा कळप खडीवरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावत गेला. टिटवी घिरट्या घालत होती, पंख आपटत होती. हरिणीच्या उजव्या खुराखाली काहीतरी कडकन फुटले. तिने खाली पाहिले नाही. तिने पाडसाकडे पाहिले आणि ती धावत राहिली.

त्यानंतर झोपेतले रान फार शांत झाले. टिटवीचे नाव काढायचे नाही, असा नियम झाला. लांबून तिचा आवाज आलाच, तर कान पाडायचे आणि गवताचा विचार करायचा. आया आपल्या पिलांना हेच शिकवू लागल्या. विचारच करायचा नाही म्हटल्यावर वाट मोडली, तिच्यावर गवत उगवले. टिटवी दिसेना, तसा बिबट्याही दिसेना. बैठकीत सांगायला काही उरले नाही. गवा म्हणाला की, इतकी सुखाची झोप मला वासरू असतानाही लागली नव्हती. आणि ते खरेच होते. फक्त जाग्या रानातल्या बिबट्याला यातले कोणी काही कळवले नव्हते. त्या दिवसांत तो टेकडीपलीकडे शिकार करत होता, एवढेच.

एका दुपारी हरिणी झोपेच्या काठावर होती. तेवढ्यात नदीपलीकडून बारीकसा आवाज आला. वारा उलटा होता. तरी पाडसाचे कान उभे राहिले.

"आई, कोण ओरडतंय?"

"कोणी नाही, बाळा. कान पाड. गवताचा विचार कर."

पाडस गुणी होते. त्याने कान पाडले, डोळे मिटले आणि गवताचा विचार केला. पलीकडचा आवाज वाढत गेला, फाटत गेला. हरिणीने आपली मान पाडसाच्या कानांवर टाकली, म्हणजे त्याला काही ऐकू जाऊ नये. मग तिनेही डोळे घट्ट मिटून घेतले.

मानेखालून पाडस ओढले गेले, तेव्हा तिला जाग आली. बिबट्या झुडपांत शिरताना तिला त्याची नुसती शेपटी दिसली. बाकीचे कोणी जागेही झाले नाही. त्या दुपारी सगळ्यांनी झोपेतल्या रानात गुडघाभर हिरवे गवत पाहिले होते.

बैठक भरली. हरिणी उभी राहिली आणि तिने काहीच लपवले नाही. मी आवाज ऐकला होता, असे ती म्हणाली. पाडसानेही ऐकला होता, त्याने मला विचारलेही होते, आणि मीच त्याचे कान झाकले. आपण ऐकले असते तर माझे बाळ वाचले असते, हे तिला सगळ्यांना सांगायचे होते.

मग ससा हळूच म्हणाला, "म्हणजे टिटवी ओरडली होती."

गव्याने मान हलवली. "आणि बिबट्या आला. पाहिलंत? नदीपलीकडून ओरडली, तरी त्याला इथवर आणलंच तिनं."

हरिणीने पुन्हा पुन्हा सांगून पाहिले, पण शब्द तेच होते आणि त्यांतून जो तो आपल्याला हवे ते घेत होता. सगळ्यांना तिची दया आली. दुःखाने हिचे डोके फिरले आहे, असे एकमेकांत बोलणे झाले. मग ठरले की, हा काठच सोडायचा आणि दाट रानात जायचे, जिथे टिटवीचा आवाज कधीच पोचणार नाही.

निघण्याआधीच्या शेवटच्या दुपारी हरिणी सगळ्यांबरोबर आडवी झाली. पाडसाला भेटायचे, म्हणून ती झोपेतल्या रानात गेली. त्याची वाट तिला तोंडपाठ होती. दुधाच्या वासापासून निघायचे, ओल्या नाकाशी वळायचे आणि पांढऱ्या ठिपक्यांपाशी थांबायचे. ती थांबली. पाडस तिथे होते. त्याने कान पाडले होते. आणि त्याच्या अगदी शेजारी, मान लांब केली तर लागतील इतकी जवळ, चार फुटलेली अंडी पडली होती.

तिने खूप वेळ ती अंडी पाहिली. तिथून नदीपलीकडे एक अगदी बारीक पायवाट गेली होती. त्या वाटेवर फक्त हरिणीच्याच खुरांचे ठसे होते.

जागे झाल्यावर तिने इतरांना विचारले. अंडी कोणीच पाहिली नव्हती. ती वाट दुसऱ्या कोणाच्या मनातून गेलीच नव्हती, मग त्यांना दिसणार कशी? कळप दाट रानाकडे निघाला. गव्याने दोनदा मागे वळून तिला हाक मारली. ती गेली नाही. तिने नदीत पाय घातला.

पलीकडच्या माळावर पोचेपर्यंत ऊन कलले होते. टिटवीने तिला लांबूनच पाहिले होते, पण ती ओरडली नाही. हरिणी जवळ गेली आणि काय बोलायचे ठरवून आली होती, ते सगळे विसरली. तिच्या तोंडून एवढेच निघाले, "ताई, त्या दुपारी तुम्ही ओरडलात. मला ऐकू आलं होतं."

"मला वाटलंच होतं," टिटवी म्हणाली. "ऐकू येईल, इतक्या मोठ्यानं ओरडले होते मी."

हरिणीने मान खाली घातली होती. इथे राहू का, असे विचारायची तिची छाती होत नव्हती. शेवटी तिने एक पाय पुढे टाकला. त्याबरोबर टिटवी खडीवरून उठून उभी राहिली. तिच्या पोटाखाली, मातीच्याच रंगाची, तीन अंडी होती.

"जपून पाय टाक," ती म्हणाली. "या वेळी खाली बघून."

तात्पर्य : दोन गोष्टी आपल्या मनात शेजारी बसल्या म्हणून एकीने दुसरीला आणले, असे होत नाही, आणि संकटाची हाक देणाऱ्यालाच संकट समजून घालवून दिले, तर संकट येतेच, फक्त मुकाट्याने येते.