माहुताची नाडी

संस्थानाचा माहूत रुमाजी हत्तीवरून पडला, त्याला आठ दिवस झाले तरी तो डोळे उघडेना. राजेसाहेबांनी दोन्ही राजवैद्यांना बोलावलं.

भैरवशास्त्री म्हणाले, "चेतना हृदयात असते. हृदय चालू आहे, म्हणजे हा शुद्धीवर आहे."

नीलकंठशास्त्री गरजले, "चेतना मस्तकात असते! मस्तक फुटलं, ती गेली. आता याला पेज भरवणंही व्यर्थ आहे."

दोघं पोथ्या उघडून तासभर भांडले. शेवटी पेजेची वाटी घेऊन उभी असलेली रुमाजीची बायको साळू पुढे झाली.

"शास्त्रीबुवा, ह्यांची नाडी धरा. मी हत्तींची नावं घेते. ह्यांना शुद्ध नसेल तर काय होईल?"

"काय होणार? सगळी नावं सारखीच!" नीलकंठशास्त्र्यांनी ऐटीत नाडी धरली.

साळूनं एका सुरात नावं घेतली. भीमा, चंपा, गजानन... नाडी संथ होती. रुमाजीच्या स्वतःच्या हत्तीचं, जयमंगलचं नाव येताच ती धावू लागली.

"योगायोग!" नीलकंठशास्त्री पुटपुटले.

साळूनं क्रम बदलून तीनदा नावं घेतली. तिन्ही वेळा नाडी जयमंगललाच धावली.

"पण ग्रंथात तर स्पष्ट लिहिलंय..."

"तुम्ही ग्रंथाला विचारलंत, शास्त्रीबुवा. मी ह्यांनाच विचारलं."

राजेसाहेब खळखळून हसले. "मग साळूबाई, चेतना हृदयात की मस्तकात?"

"ते मला ठाऊक नाही, सरकार. पण धनी घरात आहेत, एवढं कळलं," असं म्हणून साळू समाधानानं पेज भरवायला बसली. महिन्याभरात रुमाजीनं डोळे उघडले.