शेवटच्या ओळीपर्यंत

“एकालाही नाही?”

खानझोडे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

“एकालाही नाही, सर. चौऱ्याऐंशी रुग्ण. सहा महिने. त्रास शून्य!”

डॉ. कौस्तुभ इंगोलेनं पेढ्यांचा पुडा सरांच्या टेबलावर ठेवला आणि वाकून पाया पडला. नागपूरचा मोठा संशोधक झाला म्हणून काय झालं, टीबीचं काम तो आमच्या ह्या तालुक्याच्या दवाखान्यातच शिकला. पहिल्यांदा रुग्णाच्या छातीतलं पाणी काढताना ह्यालाच घाम फुटला होता, तेव्हा टॉवेल घेऊन मी उभी होते. मी म्हणजे सिंधू वानखडे, सरांची सिस्टर. सव्वीस वर्षं झाली.

खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला मला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे हाल मी पाहिलेत. दोन-दोन वर्षं इंजेक्शनं घेऊन माणसं बहिरी व्हायची, तरी खोकला जायचा नाही. ह्याच्या नव्या गोळीनं तो सहा महिन्यांत थांबत होता. गोळीची चाचणी आमच्याच दवाखान्याच्या नव्या खोलीत चालू होती. दर सोमवारी ह्याची माणसं यायची, महिन्यातून एकदा तो स्वतः यायचा.

“परवा हैदराबादला परिषद आहे,” कौस्तुभ म्हणाला. “तिथं निबंध वाचतो. मग मंजुरी. मग देशभर गोळी, सर. लाखो माणसं! आशीर्वाद द्या.”

सरांनी पुडा उघडला नाही.

“डोळे?”

“दर महिन्याला तपासतो. खोली अपुरी पडते, म्हणून अक्षरांचा तक्ता व्हरांड्यात लावलाय, रांगेच्या समोर. सगळे शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.”

“रंग?”

“रंगांची पुस्तिका आहे ना. पण अक्षरंच इतकी स्वच्छ वाचतात, की ती काढायची वेळच आली नाही.”



सर एकाएकी माझ्या हाताकडे बघून म्हणाले, “सिस्टर, लग्नघर तुमचं, आणि बांगड्या चॉकलेटी?”

झालं! माझं दुखणंच काढलं त्यांनी.

“नका विचारू, सर. भाचीच्या लग्नासाठी हिरवा चुडा मागितला होता. त्या बाईनं ह्या भरल्या आणि म्हणते, ह्याच हिरव्या! चाळीस वर्षं बांगड्या भरते, आणि तोंडावर खोटं बोलते? जुना माल खपवला मेलीनं. चांगली भांडले मी. काढायच्या तर फोडाव्या लागतात, आणि लग्नघरात बांगडी फोडू नये, म्हणून तशाच ठेवल्या.”

“कोण बाई?”

“गिरजाबाई कासारीण. बसलीय बाहेर. कौस्तुभच्याच गोळ्या खाते.”

बोलून गेले, आणि मग मलाच माझं बोलणं ऐकू आलं.

कौस्तुभ अजून हसत होता. त्याला कळलंच नव्हतं.

“बोलवा तिला,” सर म्हणाले. “आणि तो तक्ता काढून आणा.”

गिरजाबाई आली. साठीची, सडपातळ, बांगड्यांची पेटी काखेत. मला बघून तिनं तोंड फिरवलं. कौस्तुभ दिसताच मात्र खुलली.

“वाचून दाखवा, मावशी,” कौस्तुभ म्हणाला. “आमच्या सरांना बघायचंय.”

सरांनी मला खोलीच्या पार त्या टोकाला उभं केलं. तक्ता माझ्या हातात दिला, आणि देता देता फिरवला.

कोरी पाठ समोर.

“सर, उलटा…” मी म्हणणार होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

गिरजाबाईनं उजवा डोळा तळहातानं झाकला, मान ताठ केली.

“ट… प फ… र त ल… ग म न व…”

पुठ्ठा कोरा होता हो! त्यावर एक रेघ नव्हती.

“…स द य क ह… च ब झ थ न ल.” शेवटची ओळ झाली. श्वास घेऊन तिनं हात बदलला, दुसरा डोळा झाकला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक अक्षर चुकली नाही.



“बरोबर आलं ना जी?” तिनं विचारलं.

कौस्तुभचा चेहरा पांढराफटक. तो उठून माझ्याजवळ आला, पुठ्ठ्यावर हात फिरवून पाहिला. आंधळ्यानं फिरवावा तसा.

“मावशी… इथं काहीच नाही.”

“आं?”

“तक्ता उलटा आहे. कोरा आहे. तुम्हाला… दिसलं नाही?”

गिरजाबाई गडबडली. पेटी छातीशी धरली.

“मले काय मालूम जी. दीड-दोन महिने झाले, सारं धुरकटच दिसते. लाल का हिरवं, तेबी समजत नाई.”

माझ्या मनगटावरच्या बांगड्या मला बोचायला लागल्या. ह्या बाईला मी चारचौघींत लबाड म्हटलं होतं.

“मग सांगितलं का नाही?” कौस्तुभ ओरडलाच. “दर महिन्याला मी विचारतो, त्रास आहे का? तुम्ही म्हणता, काही नाही! फसवलंत तुम्ही मला!”

“फसवाले काय झालं?” आता तिलाही राग चढला. “तुमीच त म्हणले, चाचणी हाये. आमी का शायेत गेलो नाई, तरी चाचणी म्हणजे काय ते समजते आमाले. पोरायची चाचणी रायते ना, तशी मोठ्या माणसाची. तुमी दर बारीले म्हणत, शाब्बास मावशी, पास! मंग? नापास झालो त गोयी बंद.”

“असं कोण म्हणालं?”

“शेवंतीनं खरं सांगतलं होतं. पयल्याच पंधरवड्यात. म्हणे, डोयासमोर अंधारी येते. तिच्या गोया बंद. अन् दिवाईत गेली बिचारी.”

कौस्तुभ सरांकडे वळला. “सर, ती आधीच फार आजारी होती. नियमात बसत नव्हती. म्हणून वगळली. अंधारीचा काही संबंध…”

तो थांबला. संबंध होता की नव्हता, हे आता कोण सांगणार?



“ही एक बाई,” कौस्तुभ घाईघाईनं म्हणाला. “एकीनं पाठ केलं, म्हणून बाकीचे…”

“एकीनं कायले?” गिरजाबाई म्हणाली. “आमी साऱ्याच करतो. रांगेत बसल्या बसल्या एकमेकीकून म्हणून घेतो. ज्यायले वाचता येते, त्याईनं वाचून दाखवलं. बाकीच्याईनं पाठ केलं. त्या अंजीरेले काई केल्या येत नव्हतं. मीच शिकवलं तिले.”

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता! रडावं की काय करावं, मला सुचेना.

सरांनी कपाटाकडे बोट दाखवलं. चाचणीच्या फायली तिथंच होत्या. त्यांनी वरची काढून कौस्तुभच्या हातात दिली, नुसतं पहिलं पान उघडून. संमतीचं पान. रुग्णानं वाचून, समजून सही करायची असते ते.

सहीच्या जागी निळा अंगठा.

“डोळ्यांचं पान काढ,” सर म्हणाले.

कौस्तुभनं काढलं. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.’

“ज्या बाईला सही करता येत नाही,” सर अगदी हळू म्हणाले, “तिनं शेवटची ओळ वाचली?”

कौस्तुभ खालीच बसला. फरशीवर. एकेक फाइल ओढून उघडायला लागला.

अंगठा. शेवटच्या ओळीपर्यंत.

सही. शेवटच्या ओळीपर्यंत.

अंगठा. शेवटच्या ओळीपर्यंत. अंगठा… अंगठा…

तेहेतीस अंगठे निघाले. तेहेतीस! प्रत्येक पान त्यानं स्वतः दोनदा तपासलेलं, खाली त्याची ऐटदार सही. ते बघत बसलेल्या कौस्तुभची मला कीव आली, आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही एकदमच.

आणि माझं काय? ह्याच व्हरांड्यातून मी दिवसातून वीस वेळा जात होते. बायका रांगेत पुटपुटायच्या. मला वाटायचं, देवाचं नाव घेतायत.

“सर,” कौस्तुभ म्हणाला. “त्यांचे डोळे…”

“अशा औषधांनी आधी रंग जातात, मग अक्षरं. गोळी वेळेत थांबवली, तर नजर परत येते,” सर म्हणाले. “पुष्कळदा.”

“पुष्कळदा…”

“हो. नेहमी नाही.”

कौस्तुभनं खिशातून फोन काढला. आपल्या माणसांना लावला.

“आजची गोळी कुणालाही देऊ नका. नाही, कुणालाच नाही. सगळ्यांना निरोप पाठवा, घरी असतील त्याही खाऊ नका म्हणावं. उद्याच्या उद्या नेत्रतज्ज्ञ हवेत इथं, रंगांच्या पुस्तिकेसकट… परिषद? मी जात नाही. कारण नंतर सांगतो. नाही, आत्ताच ऐका. कारण मी चुकलो.”

फोन ठेवून त्यानं सरांकडे पाहिलं. मार खाल्लेलं पोर बघतं ना, आता तरी जवळ घ्या म्हणून, तसं.

सरांनी जवळ घेतलं नाही. ते आपल्या खुर्चीवरून उठले. छत्तीस वर्षांत त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं नाही, असं जुने लोक सांगतात. मी तर कधी पाहिलंच नाही. सरांनी गिरजाबाईचा हात धरला आणि तिला त्या खुर्चीत बसवलं.

“अवो, मी कायची बसतो इथं…”

“बसा.”

मग समोरचं रुग्णाचं लोखंडी स्टूल त्यांनी पायानं कौस्तुभकडे सरकवलं. तो बसला. गुडघे जुळवून, हात मांडीवर घेऊन. रुग्ण बसतात तसाच.

बाहेर रांग पुटपुटत होती, ते ऐकू येत होतं. प फ… र त ल…

गिरजाबाईनं विचारलं.

“डाक्टरसायब, गोयी बंद केली. बरं. अन् मी? खोकला परत आला, रगत परत पडलं, त मी काय करू? मी शेवंतीसारखी जाईन का?”

कौस्तुभनं घसा साफ केला. मान वर केली. आणि कुठून कोण जाणे, त्याचा तो नेहमीचा गोड, गुळगुळीत आवाज परत आला.

“मावशी, मुळीच काळजी करू नका. सगळं व्यवस्थित होईल. आम्ही आहोत ना…”

सरांनी हात वर केला.

“गिरजाबाई, पुन्हा विचारा त्याला. पाठ केलेलं उत्तर दिलं, तर नापास करा.”