कासवीचा चिंचोका

एका जंगलात, पाणवठ्याला लागून असलेल्या वाळूत, एक कासवी राहत असे. चालायला सावकाश, बोलायला मोजकी; पण एकदा रुसली की डोके, पाय, शेपूट सगळे पाठीखाली ओढून घ्यायची आणि चार-चार दिवस बाहेर यायची नाही. मुलांनो, तुमच्यातलेही काहीजण असेच करतात, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला तशी पाठ नसते म्हणून तुम्ही पांघरूण घेता, इतकेच.

त्या जंगलात दरवर्षी पळस फुलला की पाणवठ्याचा राखणदार निवडत. कोणी कुठून पाण्यावर उतरायचे, कोणाची वाट कुठून काढायची, हे सगळे राखणदार ठरवी. टेकडीवरच्या कातळात दोन खळगे होते, एक कोल्ह्याचा आणि एक रानडुकराचा. ज्याला जो राखणदार हवा, त्याने त्याच्या खळग्यात एक चिंचोका टाकायचा. तो टाकला की कावळा बिब्ब्याच्या रसाचा काळा ठिपका लावी. कोणाच्या नखावर, कोणाच्या खुरावर, कोणाच्या नांगीवर. म्हणजे लबाडी करून दुसऱ्यांदा यायला नको. वर्षानुवर्षे हे दोघेच उभे राहत आणि कधी हा, कधी तो निवडून येई.

कासवीने दोघांनाही आजमावून पाहिले होते. ‘वाळूला धक्का लागणार नाही,’ असे कोल्हा म्हणाला होता. तो निवडून आला आणि त्याचे मेहुणे रोज येऊन वाळू उकरू लागले. पुढच्या वर्षी डुकराने तीच शपथ घेतली. तो निवडून आला आणि सगळा गोतावळा घेऊन त्याच वाळूत लोळू लागला. दोन्ही वर्षी कासवीच्या अंड्यांतून एकही पिलू बाहेर आले नाही. कासवी नुसत्या नजरेने पिले वाढवते, असे म्हणतात. पण नजर ठेवायला पिले तरी हवीत ना! बिचारी फार रडली आणि मग जी रुसली ती कायमची.

"एकाच माळेचे मणी दोघं," ती शेजारच्या टिटवीला म्हणाली. "यांच्यासाठी तीन दिवस तंगडतोड करून टेकडी चढायची? मी नाही जाणार. चिंचोके कमी पडले, की आपोआप समजेल त्यांना."

तिचे बघून वाळूवरची बाकीची कासवे घरी बसली, टिटव्या बसल्या, खेकडे तर आधीपासून बसायलाच टपले होते. अशी तीन वर्षे गेली. आपल्या रुसव्याने कोल्ह्या-डुकराची झोप उडाली असेल, असे कासवीला मनापासून वाटत होते. ते दोघे मात्र छान घोरत होते.

चौथ्या वर्षी पळसाला कळ्या आल्या. कासवीच्या पोटात अंडी होती आणि यंदा तरी पिलांचे तोंड बघायचेच, असे तिने ठरवले होते. तेवढ्यात टिटवी ओरडतच आली. टिटवी ओरडली की अशुभ, असे लोक म्हणतात. खरे म्हणजे ती बातमी तेवढी लवकर आणते, बाकी काही नाही.

"मावशी, ऐकलंत का? गव्यांच्या कळपाला पाण्यावर यायला नवी वाट मिळाली. थेट आपल्या वाळूतून! पळस झडला की सुरू होणार."

गव्याचा एक खूर पडला तर अंड्यांचे काय होईल, हे कासवीला कोणी सांगायला नको होते. त्या वर्षी राखणदार होता डुक्कर. ती पाय उचलत, दम खात, दुपारी त्याच्या दलदलीपाशी पोचली आणि बसायच्या आतच म्हणाली, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही?"

डुक्कर चिखलातून उठून उभा राहिला. खरे सांगायचे तर तो दुष्ट नव्हता, फक्त आळशी होता.

"मावशी, रागावू नका. वाट कुठून तरी काढायचीच होती. मी कावळ्याला विचारलं, कुठल्या काठावर किती ठिपकेवाले आहेत? तो म्हणाला, झाडीच्या काठावर ऐंशी, मुरमाच्या काठावर पन्नास, वाळूवर एकही नाही. मला वाटलं, वाळूवर आता कोणी राहतच नाही."

"अहो, आम्ही तिथंच आहोत! आम्ही रुसलो होतो तुमच्यावर!"

"रुसला होता?" डुकराने डोळे मिचकावले. "तीन वर्षं? अहो, मग ते आम्हाला कळायचं कसं? आम्हाला वाटलं, कुणाची काही तक्रार नाही."

कासवी तशीच माघारी फिरली. तिला राग आला होता, पण जास्त राग स्वतःचाच आला होता. ज्याला पत्ताच नाही त्याच्यावर तीन वर्षे रुसून आपण काय मिळवले, हा विचार तिला वाटभर टोचत राहिला.

घरी आल्यावर तिने सगळ्यांना वाळूवर गोळा केले. एक म्हातारा खेकडा लगेच आडवा आला. "तिथं जाऊन काय दिवे लावणार आहोत? उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे?"

"काळेच आहेत, मान्य," कासवी म्हणाली. "पण खेकडेदादा, उद्या गव्यांचा कळप तुमच्या बिळावरून जाईल तेव्हा हेच त्यांना ऐकवाल का?"

खेकडा बाजूला सरकला. टिटवी म्हणाली, "आणि दगडापेक्षा वीट मऊ असते, मावशी. बघू तरी कोण वीट आहे ते."

अशी ती मंडळी तीन दिवस आधीच निघाली. पुढे कासवे, मागे तिरके तिरके खेकडे, आणि डोक्यावर टिटव्यांची बडबड. निवडीच्या दिवशी सकाळी एकूण बासष्ट जण कातळावर हजर झाले, आणि प्रत्येकाने आपला चिंचोका पायाखाली नाहीतर नांगीत घट्ट दाबून धरला. कोणीही टाकेना.

कोल्ह्याने ते पाहिले आणि त्याचे कान उभे राहिले. दरवर्षीची हार-जीत आठ-दहा चिंचोक्यांची. इथे एकदम बासष्ट! तो धावतच आला. "मावशी, किती दिवसांनी दर्शन! वाळूचं म्हणाल, तर मी शब्द देतो..."

"शब्द आमच्याकडे पुष्कळ आहेत. तुमचेच दिलेले," कासवी म्हणाली. "आता काटे हवेत. वाळूभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घाला, गव्यांची वाट मुरमाच्या मोकळ्या टोकावरून वळवा, तिथं कोणी राहत नाही. सूर्य मावळायच्या आत. मग चिंचोके टाकू."

एवढ्यात डुक्करही धापा टाकत आला. मुलांनो, मग काय विचारता! कोल्हा तोंडात फांद्या धरून पळतो आहे, डुक्कर सुळ्यांनी नवी वाट उकरतो आहे, असे दृश्य त्या जंगलाने कधी पाहिले नव्हते. अर्ध्या तासात कोल्हा हसत परत आला. "झालं कुंपण!" टिटवी भुर्रकन जाऊन बघून आली. "तीनच फांद्या आहेत!" कोल्हा ओशाळून पुन्हा पळाला. संध्याकाळपर्यंत वाळूला चारी बाजूंनी काटे लागले. गव्यांना चाळीस पावले जास्त चालावे लागणार होते; त्यांच्या ते लक्षातही आले नाही.

मग बासष्ट चिंचोके पडले, काही इकडे, काही तिकडे. कासवीने आपला डुकराला दिला, कारण त्याने निदान खरे सांगितले होते. आणि गंमत अशी की डुक्कर हरला! कोल्हा चार चिंचोक्यांनी निवडून आला.

"म्हणजे आपण आलो ते वायाच गेलं," खेकडा कुरकुरला.

कासवीने आपले नख पुढे केले. त्यावर ठिपका अजून ओला होता. "बघू या," ती म्हणाली.

कोल्हा कोल्हाच राहिला. वर्षभर त्याने कोणाच्या काकड्या पळवल्या, कोणाला थापा मारल्या. पण वाळूच्या कुंपणाला त्याने हात लावला नाही, उलट वाऱ्याने पडलेल्या दोन फांद्या स्वतः उचलून ठेवल्या. बासष्ट ठिपके त्याला पाठ होते. एका सकाळी वाळू हलली आणि बोटाएवढी चौदा पिले एकामागून एक बाहेर आली. कासवी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिला एवढे सुख कधी झाले नव्हते.

पुढच्या वर्षी पळसाला कळ्या आल्या तेव्हा कोल्हा स्वतःच वाळूपर्यंत चालत आला. "मावशी, यंदा येताय ना?"

पण घरी कोणीच नव्हते. वाळूवर टेकडीच्या दिशेने गेलेल्या पावलांच्या रांगा तेवढ्या दिसत होत्या, आणि त्यांत चौदा रांगा अगदी बारीक होत्या.

तात्पर्य : उमेदवार मनासारखा नाही म्हणून घरी बसणाऱ्याचा रुसवा कोणालाच दिसत नाही, दिसते ती त्याची रिकामी जागा, म्हणून आधी मत द्यावे आणि मग खुशाल रुसावे.